सुरुवातीच्या स्मार्टफोनांवर ब्राउझर रखडतो, तो नेमका कुठे अडून?

जुना_डबा

तीन फोन चालू स्थितीत आहेत आणि तिन्ही वायफायवर जोडलेले आहेत:

नेक्सस वन: अँड्रॉइड २.३.६, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम
आयफोन ३जी: आयओएस ४.२.१, १२८ एमबी रॅम
नोकिया एन९५: पहिलं मॉडेल (८ जीबीवालं नव्हे), ६४ एमबी रॅम

लक्षणं अशी:

१) बॅक दाबलं की आधीचं पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतं. तीन-चार खिडक्या उघडल्या की पहिली कोरी.
२) जोरात स्क्रोल केलं की आयफोनवर राखाडी चौकडी दिसते, नेक्ससवर नुसतं पांढरं.
३) नेक्ससवर पत्ता टाइप करताना अक्षर उमटायला सेकंद-दीड सेकंद.
४) बऱ्याच साइट्स उघडतच नाहीत. 'सुरक्षित जोडणी करता येत नाही' किंवा सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखपत्राची) तक्रार.
५) एन९५वर पान अर्धं येतं आणि 'मेमरी फुल'.

रूट न करता (फोनाचे सर्वाधिकार न घेता), रॉम (फोनातली मूळ प्रणाली) न बदलता यातलं काय काय सुधारता येईल? आणि नेक्सस ओव्हरक्लॉक केला (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला) तर फरक पडेल का? 'नवा फोन घ्या' हा सल्ला कृपया नको. वाचण्यापुरता वापर आहे, बँकिंग वगैरे काही नाही.

---

अर्धमेगाबाइट

ओव्हरक्लॉक विसरा. १, २ आणि ५ ही एकाच दुखण्याची तीन रूपं आहेत, आणि ते दुखणं रॅमचं आहे, गिगाहर्ट्झचं नाही.

हिशेब मांडून बघा. १६०० बाय १२००चा एक फोटो फाइल म्हणून ३०० केबीचा असेल. पण पडद्यावर दाखवायचा तर तो उलगडावा लागतो. १९ लाख २० हजार पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे जवळपास ७.७ एमबी. पानावर असे चार फोटो असले की ३० एमबी गेले. पहिल्या एन९५मध्ये फोन सुरू झाल्यावर मोकळी रॅमच साधारण २० एमबी उरते. आता सांगा, पान अर्धं येणार नाही तर काय होणार!

या फोनांवर स्वॅप नाही. संगणकाची रॅम संपली की तो डिस्कवर लोटतो आणि रडतखडत का होईना चालत राहतो. इथे रॅम संपली की कुणाला तरी बाहेर काढावंच लागतं. कुणाला काढायचं, यात मात्र तिघांच्या तऱ्हा वेगळ्या:

आयओएस आधी सफारीला 'मेमरी कमी आहे' असा इशारा देते. सफारी मागच्या पानांचा मजकूर टाकून देते, नुसता पत्ता लक्षात ठेवते. म्हणून परत गेल्यावर पान नव्याने लोड होतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर सफारीच बंद होते आणि काही न सांगता होम स्क्रीन येते. लोक त्याला क्रॅश म्हणतात, पण बहुतेक वेळा ती हकालपट्टी असते.

अँड्रॉइड समोरचं अॅप शक्यतो वाचवतं आणि मागची मारतं. मागच्यांमध्ये लाँचरही (होम स्क्रीन दाखवणारं अॅप) येतो! जड पानावरून होम दाबल्यावर आयकॉन एकेक करून उगवतात, ते यामुळे. लाँचर मेलेला असतो आणि पुन्हा जन्माला येत असतो.

एन९५ची प्रणाली सिम्बियन कुणाला मारण्याऐवजी मागणाऱ्यालाच 'नाही' म्हणतं. तेच तुमचं 'मेमरी फुल'.

चौकडीचं कारण: पानाने स्वतःची रुंदी सांगितली नसेल तर सफारी ते ९८० पिक्सेल रुंद धरते. असं पान ६००० पिक्सेल उंच असेल तर अख्खं रंगवून ठेवायला २३ एमबीच्या वर लागतात. ते परवडत नाही, म्हणून ते तुकड्यातुकड्यांत रंगवलं जातं. बोट पुढे गेलं आणि तुकडा अजून तयार नसला की मध्ये चौकडी दाखवतात. स्क्रोल मात्र बोटाबरोबर चालू राहतो, आणि मुद्दामच तसं केलंय. अँड्रॉइड २.३चा ब्राउझर पान रंगवण्याचं काम सगळं सीपीयूवर करतो. हार्डवेअरची मदत ३.० आणि ४.०पासून आली. म्हणून नेक्सस कागदावर दुप्पट वेगवान असूनही स्क्रोलमध्ये आयफोन ३जीपेक्षा अडखळलेला वाटतो.

उपाय तिन्हीकडे एकच: उलगडायची चित्रं कमी करा. नेक्ससवर ब्राउझरमध्ये मेनू, मोअर, सेटिंग्ज, तिथे 'लोड इमेजेस'वरची खूण काढा. एन९५च्या ब्राउझर सेटिंग्जमध्येही 'लोड कंटेंट' आहे, तिथे 'टेक्स्ट ओन्ली' निवडा. आयफोनच्या सफारीत ही सोय नाही, तिथे जावास्क्रिप्ट बंद करणं एवढंच हातात आहे. पण त्याने जाहिराती जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांची चित्रंही, म्हणजे फायदा बराच.

---

चटकन

नेक्ससवर चांगला टास्क किलर (चालू अॅप बंद करणारं अॅप) टाका. दर दहा मिनिटांनी सगळं आपोआप साफ. रॅमचा प्रश्न मिटला.

---

तळटीप

@चटकन, जोरदार असहमत. टास्क किलरने नेक्सस हळू होतो.

अँड्रॉइडमध्ये मागे पडलेलं अॅप रॅममध्ये नुसतं पडून असतं, सीपीयू खात नाही. जागा लागली की व्यवस्था स्वतःच त्याला काढते. किलरने ते आधीच मारलं तर ज्याची सर्व्हिस चालू होती ते काही सेकंदांत पुन्हा उठतं, आणि उठताना फ्लॅशवरून (आतल्या साठ्यावरून) वाचन, डाल्विकची (अॅप चालवणाऱ्या यंत्रणेची) तयारी, सिंक असं सगळं नव्याने करतं. दर दहा मिनिटांनी हीच कवायत. बॅटरी जाते ती वेगळीच. शिवाय २.२पासून किलर अॅपना पूर्वीसारखे अधिकारही उरलेले नाहीत.

आता मूळ प्रश्नातला क्र. ३, टायपिंगचा रखडा. हा रॅमपेक्षा आतल्या साठ्याचा प्रश्न वाटतो. नेक्सस वनमध्ये अॅपसाठी आतली जागा जेमतेम १९० एमबी आहे आणि ब्राउझरचा कॅशे (पानांचे साठवलेले भाग), इतिहास, कुकी सगळं तिथेच बसतं. मोकळी जागा १० टक्क्यांच्या खाली गेली की 'लो ऑन स्पेस'ची सूचना येते. पण सूचना येण्याच्या आधीपासूनच लिहिणं मंदावतं, कारण भरत आलेल्या फ्लॅशवर नवं काही लिहायचं तर आधी जुने तुकडे गोळा करून ब्लॉक पुसावा लागतो. पत्त्याच्या पट्टीत प्रत्येक अक्षरागणिक ब्राउझर इतिहास आणि बुकमार्कच्या डेटाबेसात शोध घेतो, वर नेटवरूनही सुचवण्या मागतो. दोन्ही एकदम आलं की अक्षर अडकतं.

याच क्रमाने करा:

आधी सेटिंग्ज, अॅप्लिकेशन्स, मॅनेज अॅप्लिकेशन्स. आकारानुसार लावा आणि मोठी अॅप मेमरी कार्डावर हलवा (२.२पासून ही सोय आहे, पण विजेट असलेली अॅप हलवू नका, ती कार्ड उशिरा जोडलं गेलं की गायब होतात). निदान ३० एमबी मोकळे होऊ द्या.

मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये क्लिअर कॅशे आणि क्लिअर हिस्टरी, दोन्ही. नुसता कॅशे पुसून टायपिंग सुधारत नाही, इतिहास पुसल्यावर सुधारतं.

मग सेटिंग्ज, सर्च, गूगल सर्च सेटिंग्ज, तिथे 'शो वेब सजेशन्स' बंद.

शेवटी चलत्चित्रांचा वॉलपेपर काढून साधा लावा. लाइव्ह वॉलपेपर या फोनाबरोबरच मिरवत आले होते, पण होमवर परत येताना प्रत्येक वेळी त्यांची किंमत मोजावी लागते.

ब्राउझरच्या सेटिंग्जमधलं एनेबल प्लग-इन्स 'ऑफ' ठेवा. अॅडोबी फ्लॅश प्लेअरची (वरच्या साठ्याच्या फ्लॅशशी याचा संबंध नाही) गरज आता कुठेच नाही, आणि 'ऑलवेज ऑन' असेल तर उरल्यासुरल्या फ्लॅश जाहिरातीही प्लेअर जागा करतात.

अवांतर: नेक्सस वनवर कधी स्पर्श भलतीकडेच लागतो, दाबावं एक आणि उघडावं वरचं. ब्राउझरला शिव्या घालू नका, टचस्क्रीनची ती जुनी खोड आहे. पॉवर बटणाने स्क्रीन बंद करून पुन्हा चालू केली की जागेवर येते.

---

अर्धमेगाबाइट

तळटीप यांच्याशी सहमत. आयफोन ३जीचं राहिलं होतं. आयओएस ४मध्ये मल्टिटास्किंग आलं, पण ३जीला ते दिलंच नाही. तरी सफारी, मेल आणि आयपॉड मागे चालू राहतात. जड पान उघडण्याआधी मेलला हाकला: मेल समोर असताना पॉवर बटण 'स्लाइड टू पॉवर ऑफ' येईपर्यंत धरा, सोडा, मग होम बटण होम स्क्रीन येईपर्यंत धरून ठेवा. सेटिंग्ज, जनरल, होम बटण, स्पॉटलाइट सर्च इथल्या सगळ्या खुणाही काढा. ३जीवर ४.x घातल्यापासून जो जडपणा आला त्यातला थोडा तरी याने उतरतो.

एन९५वर मेनूचं बटण दाबून धरा, चालू अॅपची यादी येईल, नको त्यावर सी दाबा. आणि फर्मवेअरची (फोनातल्या मूळ प्रणालीची) आवृत्ती बघायला *#0000# दाबा: तारा, हॅश, चार शून्यं, हॅश. फर्मवेअर २०च्या आधीचं असेल तर आधी तेच बदला. डिमांड पेजिंग २०मध्ये आलं. म्हणजे प्रोग्रॅम अख्खा रॅममध्ये न ओढता लागेल तेवढाच भाग ओढतात. ब्राउझरसाठी जागा लक्षात येण्याइतकी वाढते.

---

कुलूपकिल्ली

क्र. ४बद्दल कुणी बोललं नाही. वाचायचं असेल तर खरी अडचण हीच, कारण इथे रॅम मोकळी करून काही होत नाही. तीन वेगवेगळी कारणं आहेत. कुठलं लागू आहे ते ओळखल्याशिवाय उपाय करू नका.

पहिलं, तारीख. बॅटरी पूर्ण उतरून फोन पडून राहिला असेल तर घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. मग प्रत्येक सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही' असं दिसतं. दहा सेकंदांचं काम, पण लोक हे सोडून बाकी सगळं करतात.

दुसरं, टीएलएसची (सुरक्षित जोडणीच्या भाषेची) आवृत्ती. तुमच्या तिन्ही फोनांचे मूळ ब्राउझर टीएलएस १.०च्या पुढे बोलत नाहीत. आयओएसला १.२ मिळालं ५पासून. अँड्रॉइडमध्ये ते ५.०पासून आपोआप चालू असतं. २०२०च्या सुमारास मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ दोन्ही बंद केली आणि सर्व्हरवाल्यांनीही त्याच वाटेने दारं लावली. इथे 'जोडणी होत नाही' एवढंच दिसतं, पुढे जाण्याचा पर्याय येत नाही. अँड्रॉइड २.३वर आणखी एक: त्याचा ब्राउझर एसएनआय पाठवत नाही, म्हणजे एकाच पत्त्यावर अनेक साइट्स असतील तर आपल्याला कुठली हवी हे आधी सांगत नाही. सर्व्हर मग भलत्याच साइटचं सर्टिफिकेट पुढे करतो आणि नाव जुळत नाही.

तिसरं, मुळांची यादी. फोनात विश्वासू संस्थांची जी यादी भरलेली असते ती त्या काळची. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटांना आधार देणारं डीएसटी रूट सीए एक्स३ हे जुनं मूळ ३० सप्टेंबर २०२१ला संपलं. त्यांचं स्वतःचं आयएसआरजी रूट एक्स१ या फोनांच्या यादीत नाही. इथे मात्र इशारा येतो आणि 'तरीही पुढे जा' म्हणता येतं. नुसतं वाचायला ठीक, पासवर्ड घालू नका.

नेक्ससवर सुटका आहे: फायरफॉक्स ४७. अँड्रॉइड २.३वर चालणारी ती शेवटची आवृत्ती. तिचं टीएलएस आणि मुळांची यादी दोन्ही स्वतःची असल्याने फोन जुना असला तरी १.२ चालतं, एसएनआयही चालतं. आयएसआरजीचं मूळ मात्र फायरफॉक्समध्ये ५०पासून आलं, त्यामुळे तेवढ्या साइट्सचा इशारा इथेही येणार. हा ब्राउझर अंगाने जड आहे. तळटीप यांनी सांगितलेली साफसफाई आधी, इन्स्टॉल नंतर.

आयफोनवर असा मार्ग नाही. तिथले बाकीचे ब्राउझर आतून सफारीचंच इंजिन वापरतात. अपवाद ऑपेरा मिनीचा.

---

शून्य_बार

ऑपेरा मिनीचा विषय निघालाच आहे तर तो वेगळा का, ते सांगतो.

तो पान फोनवर मांडतच नाही. मधला सर्व्हर पान आणतो, स्क्रिप्ट थोडा वेळ चालवतो, चित्रं लहान करतो आणि तयार मांडणी दाबून पाठवतो. फोनला फक्त ती रंगवायची असते. म्हणून ६४ एमबीच्या फोनवरही तो धावतो. टीएलएस १.२ वगैरे सर्व्हर बघून घेतो, म्हणजे क्र. ४चंही परस्पर निभावतं. मोल असं की पानावरचं बटण दाबून काही बदलायचं तर प्रत्येक वेळी सर्व्हरला फेरी. आणि सुरक्षित पानसुद्धा मध्ये उघडून पुन्हा बंद केलं जातं, म्हणून खात्याची कामं यावर नकोत.

मराठी वाचणाऱ्यांसाठी यातली खरी गंमत वेगळीच होती. एन९५ किंवा अँड्रॉइड २.३वर देवनागरी म्हणजे नुसते चौकोन, नाहीतर वेलांटी भलत्या अक्षरापुढे. जावावाल्या ऑपेरा मिनीत पत्त्याच्या पट्टीत रोमनमध्ये ऑपेरा, कोलन, कॉन्फिग असं जागा न सोडता टाइप करा. एक लांब यादी उघडेल. त्यात 'यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' शोधा, यस करा, खाली सेव्ह दाबा. सेव्ह राहून गेलं तर काहीच बदलत नाही. आता अक्षरं सर्व्हरवरच जुळवून चित्ररूपाने येतात, जोडाक्षरं अगदी नीट. डेटा वाढतो, मजकूर निवडता किंवा कॉपी करता येत नाही आणि झूम केल्यावर कडा फाटतात. तरी चौकोनांपेक्षा कितीतरी बरं.

सिम घालून मोबाइल डेटावर वापरणार असाल तर एक गणित लक्षात ठेवा. ३जी नेटवर्कवर एक फेरी (सर्व्हरकडे जाऊन परत येणं) अर्ध्या सेकंदाची धरा. नाव शोधायला एक, जोडणीला एक, टीएलएसला दोन, मागणीला एक. अडीच सेकंद गेले तेव्हा पहिला बाइट आला. रेडिओ झोपलेला असेल तर तो उठायला आणखी दोनेक सेकंद. आणि पानावर दहा ठिकाणची सामग्री असेल तर यातलं बरंचसं दहा वेळा. वेग किती एमबीपीएस आहे याला मग अर्थच उरत नाही. ऑपेरा मिनी एकाच सर्व्हरशी एकच जोडणी धरून ठेवतो, त्याचा निम्मा वेग तिथूनच येतो.

---

जुना_डबा

सगळेच प्रतिसाद कामाचे. दोन उपप्रश्न:

अ) मधल्या कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून न राहता हेच घरच्या संगणकावर करता येईल का?
आ) सर्टिफिकेटचा इशारा ओलांडून गेलं तरी काही पानं पूर्ण कोरी येतात, नाहीतर चित्रांच्या जागी रिकामी चौकट. रॅम असूनसुद्धा. का?

---

कुलूपकिल्ली

आ) आधी. कोरं पान बहुधा स्क्रिप्टमुळे. आजच्या स्क्रिप्टमध्ये असे शब्द आणि चिन्हं असतात जी २०१०च्या इंजिनाला माहीतच नाहीत. एक जरी अनोळखी खूण भेटली की ती अख्खी फाइल रद्द होते, आणि पान त्या फाइलवर उभं असेल तर पान कोरं. जावास्क्रिप्ट बंद करून तेच पान पुन्हा उघडा. बऱ्याच बातम्यांचा मजकूर मूळ एचटीएमएलमध्येच असतो, तो दिसायला लागतो. रिकाम्या चौकटींचं कारण वेबपी हा चित्रांचा नवा प्रकार. अँड्रॉइडच्या ब्राउझरला वेबपी ४.०पासून कळतं, तुमच्या तिन्ही मूळ ब्राउझरांना कळत नाही.

अ) होय, दोन रस्ते.

वेबवन: संगणकावर चालणारा प्रॉक्सी (फोन आणि नेट यांच्यामधला दुवा). बाहेरच्या जगाशी नव्या टीएलएसने बोलतो, फोनला साध्या एचटीटीपीने देतो. इमेजमॅजिक हा चित्रं बदलणारा प्रोग्रॅम सोबत घातला तर वेबपीचं जेपेगही करून देतो. मूळ पोर्ट ८०८०. आयफोनवर: सेटिंग्ज, वायफाय, नेटवर्कसमोरचा निळा बाण, खाली एचटीटीपी प्रॉक्सी, मॅन्युअल, तिथे संगणकाचा आयपी आणि ८०८०. एन९५वर: टूल्स, सेटिंग्ज, कनेक्शन, अॅक्सेस पॉइंट्स, आपला पॉइंट उघडून ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट. नेक्ससवर वायफायला प्रॉक्सी लावायची सोय २.३मध्ये नाही, म्हणून फायरफॉक्सच्या कॉन्फिग पानात नेटवर्क.प्रॉक्सी.टाइप १ करा आणि एचटीटीपी प्रॉक्सीचा पत्ता नि पोर्ट भरा. पत्ता टाइप करताना सुरुवात एचटीटीपी अशीच करा, शेवटचा एस नको. एस घातला की फोन पुन्हा स्वतःच कुलूप उघडायला जातो आणि तिथेच अडकतो.

डब्ल्यूआरपी: हा पान संगणकावरच्या क्रोमियममध्ये उघडतो आणि त्याचं चित्र काढून पाठवतो. चित्रावर दाबलं की तिकडे क्लिक होतं. प्रॉक्सी लावायची गरज नाही, फोनच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा आयपी, कोलन, पोर्ट टाका. स्क्रिप्ट, फॉन्ट, देवनागरी, सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. वाचायला वेबवन सुखाचं, हट्टी साइटसाठी डब्ल्यूआरपी.

दोन्ही राउटरच्या आतच ठेवा, बाहेरून पोर्ट उघडू नका. यात फोन आणि संगणक यांच्यामधलं सगळं उघड्यावर चालतं.

---

तळटीप

डब्ल्यूआरपीबद्दल भर: पानाची रुंदी-उंची वरच्या चौकटींत देता येते. एन९५वर रुंदी २४०पेक्षा थोडी कमी द्या, नाहीतर आडवी सरकपट्टी येते आणि जॉयस्टिकने चालवताना जीव जातो. उंची अफाट देऊ नका. २४० बाय २०००चं चित्र उलगडल्यावर २ एमबीच्या आत बसतं, ते चालेल. आयफोनवर ९८० रुंदीचं पीएनजी मागवत असाल तर उंची ३०००च्या आत ठेवा, कारण २५६ एमबीपेक्षा कमी रॅमच्या यंत्रांवर सफारी ३ मेगापिक्सेलच्या पुढचं पीएनजी किंवा जीआयएफ उलगडायला नकार देते. जेपेगला ही अट नाही, मोठं असेल तर ते कमी तपशिलात उलगडलं जातं.

आणि पुढेमागे राउटर बदललात तर: हे फोन २.४ गिगाहर्ट्झच पाहतात आणि वायफायच्या सुरक्षेच्या डब्ल्यूपीए२ या पिढीपर्यंतच पोचतात. राउटर 'फक्त डब्ल्यूपीए३'वर असेल किंवा पीएमएफ (राउटरमधलं एक सुरक्षेचं सेटिंग) 'रिक्वायर्ड' असेल तर नेटवर्क यादीत दिसतं, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नाही. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क डब्ल्यूपीए२वर काढून हे फोन तिथे जोडता येतील, पण बहुतेक राउटर पाहुण्यांना घरातल्या बाकी यंत्रांपर्यंत पोचू देत नाहीत. मग फोनला प्रॉक्सीचा संगणक सापडणार नाही. ती आडकाठी राउटरच्या सेटिंगमधून काढावी लागेल.